बाबुरावाच्या हातचा घास

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण ही हकीकत सांगताना मी देवराम असंच म्हणणार, नाहीतर कोण कुठे होतं आणि कुणी काय केलं याचा घोळ होईल.

आम्ही ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. देवराम आणि त्याचा थोरला भाऊ परशुराम, दोघंही मिसरूड फुटायच्या आधीपासून खाडीवर जाणारे. पुढे कारखान्यांचं पाणी खाडीत उतरलं, मासळीला रॉकेलचा वास यायला लागला, गिऱ्हाईक टोपलीत वाकून बघायचं आणि तसंच पुढे जायचं. परशुराम भावोजींनी होडी विकून मानपाड्याला एका कारखान्यात नोकरी धरली आणि डोंबिवलीत बिऱ्हाड केलं. सासूबाई, आवडाबाई, नातवंडांच्या ओढीनं त्यांच्याकडे गेल्या. आम्हाला मूल नव्हतं.

देवरामला चार भिंतींत काम जमणारं नव्हतं. त्याचा हात जाळ्यांवर चांगला होता. पंच्याऐंशी साली कल्याणला सर्कस आलेली, तिच्या झुल्याखालची जाळी फाटली म्हणून कुणीतरी त्याला बोलावून नेलं. तिथे त्यानं सुपारीला पहिल्यांदा पाहिलं. पूर्ण वाढलेली घोडी, पण उंचीला माझ्या कमरेएवढी. तांबूस रंग, डोळ्यांवर येणारी आयाळ. सर्कशीत तिच्या पाठीवर माकड बसवायचे. सर्कस कल्याणलाच मोडली. तिथल्या जनावरांना बघणारे डॉक्टर हरिहर पेंडसे कल्याणचेच. त्यांनी वाघ-हत्तींची सोय लावली आणि या घोडीचं काय करावं या विचारात होते, तेव्हा देवराम म्हणाला, "मना द्या." जाळीच्या कामाच्या बदल्यात तो तिला घेऊन आला. कल्याणपासून ठाण्यापर्यंत चालत आणली, गाडीत घातली नाही.

मी दारात उभी होते. म्हटलं, "हे काय आणलंत? सुपारीएवढं?" तेच नाव पडलं.

देवराम तिला तळ्याकाठी, तलावपाळीवर, पैसे घेऊन पोरांना फेऱ्या मारायला न्यायचा. पाच-सहा वर्षांच्या आतल्या पोरांनाच बसवायचा, मोठं पोर असलं तर सरळ नाही म्हणायचा. दिवसभर तिच्याशी बोलत असायचा. मला जे सांगायचा नाही ते तिला सांगायचा, आणि मी ते मोरीत भांडी घासताना ऐकायचे. सासूबाई डोंबिवलीहून आल्या की आधी तिच्यापुढे गुळाचा खडा धरायच्या, मग घरात यायच्या.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतरचा सोमवार. सकाळी सुपारीनं कोंडा तोंडात घेतला नाही. पुढच्या पायानं जमीन उकरत होती आणि मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. थोड्या वेळानं ती आडवी पडली आणि लोळायला लागली. उठायची, परत पडायची. अंग घामानं निथळत होतं. देवराम तिला उठवून चालवत होता, मी तिच्या पोटाला कान लावला. घोड्याचं पोट नेहमी काहीतरी गुरगुरत असतं. त्या दिवशी आत काही नव्हतं.

शेजारच्या उत्तमचा मासळीचा टेंपो होता. त्यात गोणपाट टाकून तिला कल्याणला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिच्या हिरड्या पाहिल्या, नळी घातली, इंजेक्शन दिलं, तासभर थांबले. मग म्हणाले, "देवराम, आतडं अडकलंय. औषधानं सुटायचं नाही. पोट उघडावं लागेल."

खडवलीजवळ नदीच्या अंगाला एकाचं शर्यतीच्या घोड्यांचं फार्म होतं, डॉक्टर तिथे आठवड्यातून दोनदा जायचे. घोड्याचं ऑपरेशन करायची सोय तिथेच होती. तसाच टेंपो खडवलीला नेला. दुपारी दोनला सुरू केलं, ते साडेचारला संपलं. डॉक्टर बाहेर आले, त्यांच्या तळहातावर मोठ्या लिंबाएवढा कडक गोळा होता. त्यांनी तो चिमट्यानं फोडला. आत वाळकं गवत, कोंडा आणि त्याभोवती गुंडाळलेला निळा नायलॉनचा धागा.

"हा कुठला?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं, "आमच्या जाळ्याचा हाय."

आमचं जुनं जाळं अंगणात खांबाला टांगलेलं असायचं. ती त्याची टोकं चघळायची. मला ते दिसायचं, त्यालाही दिसायचं. दोघांनाही त्यात काही वाटलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन हे निम्मं काम. आता ही खाते का नाही, यावर सगळं आहे. एवढ्याशा जातीचं घोडं उपाशी राहिलं, तर अंगातली चरबी रक्तात उतरते. मग आतडं सुधारूनही जनावर जातं. दर दोन तासांनी घासभर हिरवं पोटात गेलं पाहिजे."

फार्मवर बाबुराव म्हणून मोतद्दार होता, घोड्यांचं खाणंपिणं, खरारा सगळं तोच बघायचा. वयानं साठीचा, शांत माणूस. त्यानं हरळीची कोवळी पाती तिच्या ओठांना लावली. तिनं तोंड फिरवलं. देवरामनं तीच पाती हातात घेतली, तिच्याशी पुटपुटत राहिला, तेव्हा तिनं दोन ओढून घेतली. बाबुराव म्हणाला, "तुम्हीच थांबा. ही तुमच्याच हातची आहे."

म्हणून देवराम थांबला.

मीही तिथेच होते. बुधवारी डोंबिवलीहून फार्मवर फोन आला, सासूबाईंना ताप भरलाय, दम लागतोय. देवराम मला म्हणाला, "तू जा पुढे. दोन दिवसांत येतो." मी डोंबिवलीला गेले. माझी जाऊ कलावती आणि मी आळीपाळीनं सासूबाईंजवळ बसायचो. ताप उतरायचा, परत चढायचा. जाग आली की विचारायच्या, "देवा आला?" मी म्हणायची, येतायत. मग विचारायच्या, "त्याची घोडी बरी हाय ना?"

शनिवारी सकाळी डोंबिवलीचे डॉक्टर सासूबाईंना बघून गेले. भावोजींना जिन्यात बोलावून म्हणाले, "दोन्ही फुप्फुसं भरलीत. लांबचं कुणी असेल तर बोलवून घ्या." मी दाराआड उभी होते, मला ऐकू आलं.

भावोजी लगेच निघाले. खडवलीला काय झालं ते मला बाबुरावानं सांगितलं, तो चारा कापत तिथेच होता. देवराम सुपारीच्या पुढ्यात उकिडवा बसलेला, मांडीवर गवत. भावोजी फाटकातून आत आले आणि थोडं लांबच उभे राहिले.

"आई तुला विचारते," ते म्हणाले.

"कशी हाय?"

"विचारते तुला."

देवराम म्हणाला, "दादा, हिनं अजून लीद टाकलेली नाय. डॉक्टर बोलले, लीद टाकली की सुटली. उद्या येतो मी."

भावोजी जरा वेळ घोडीकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले आणि वळले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

दिवेलागणीला ते एकटेच परत आले. मी विचारलं, "हे नाय आले?"

"उद्या येतो बोलला."

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला सासूबाई गेल्या. देवराम अकरा वाजता आला. अंगात सोमवारचाच सदरा, केसांत गवताच्या काड्या, सगळ्या अंगाला घोड्याचा वास. दारात माणसं होती, त्यांनी वाट दिली. तो आईच्या पायांशी वाकायला गेला, तेव्हा भावोजी हळू आवाजात म्हणाले, "हात धुऊन ये."

तो मोरीत गेला. किती वेळ नळाखाली हात धरून उभा होता. शेवटी मीच नळ बंद केला.

चौथ्या दिवशी बाबुराव भेटायला आला. खडवलीहून मुद्दाम गाडी बदलून आलेला, टोपी हातात घेऊन. चांगला माणूस, त्याला वाटलं दुःखात एक तरी बरी बातमी द्यावी. देवरामच्या शेजारी बसून म्हणाला, "घोडीची काळजी करू नका. तुम्ही गेल्यावर मला वाटलं आता ही उपाशी मरते. पण तासाभरात तिनं माझ्या हातून घास घेतला. संध्याकाळी लीद टाकली. आता ओंजळ ओंजळ खाते."

भावोजी समोरच होते. ते उठून आतल्या खोलीत गेले.

देवराम बाबुरावाला म्हणाला, "चांगलं झालं." मग आपले तळवे मांडीवर उलटे ठेवून बसून राहिला. बाबुरावाला काही कळलं नाही. तो चहा पिऊन, सगळ्यांना नमस्कार करून गेला.

तेराव्यानंतर आम्ही निघालो, तेव्हा भावोजी एवढंच म्हणाले, "आता जा. ती वाट बघत असेल." त्यानंतर त्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं. वर्षश्राद्धाचं बोलावणं आलं नाही. कलावतीवहिनी बाजारात भेटल्या तर हात दाबून पुढे जायच्या.

सुपारीला जानेवारीत घरी आणली. ती आली तेव्हा बरी झालेली आहे असं मला वाटलं होतं. कसलं बरं? आठ दिवसांत टाक्यांच्या खालच्या टोकाला गळू झालं आणि पू यायला लागला. डॉक्टर येऊन जखम उघडी करून गेले. मग रोज सकाळ-संध्याकाळ कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायचं, औषध भरायचं, पोटाभोवती जुन्या लुगड्याचा पट्टा बांधायचा. चारा एकदम द्यायचा नाही, दिवसातून सहा वेळा थोडा थोडा. कोंडा भिजवून मऊ करून. दोन महिने गोठ्याबाहेर फक्त दोरीनं धरून चालवायचं, पळू द्यायचं नाही. पुढे सहा महिने पाठीवर काही ठेवायचं नाही.

देवराम हे सगळं करायचा, एक वेळ चुकवली नाही. पण तिच्याशी बोलायचा नाही. औषध भरायचा, पट्टा आवळायचा, पाणी ठेवायचा आणि उठून जायचा. ती त्याच्या खिशाशी तोंड न्यायची, पूर्वी तिथे गूळ असायचा. तो तिचं तोंड बाजूला करायचा. चिडून नाही, एखादी फांदी वाटेतून बाजूला करावी तसं.

मला तर ती डोळ्यांसमोर नको होती. मी एकदा म्हटलंही, "डॉक्टरांना सांगून फार्मवर ठेवा हिला." तो म्हणाला, "हिच्यासाठी आईला सोडलं. आता हिला पण सोडू?"

जूनमध्ये तो तापानं पडला, तेव्हा तिला फिरवायचं माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी दोरी लांब धरली, तिच्याकडे बघितलंही नाही. खाडीच्या बांधावरून जायचो. चढ आला की ती थांबायची, पोट आत ओढून घ्यायची, मग एक एक पाय टाकायची. दुखत असणार. बाळंतीण पहिल्यांदा उठते तशी चालायची. आठवड्याभरानं माझ्या लक्षात आलं की ती थांबली की मी पण थांबतेय, आणि दोरी माझ्या हातात ढिली आहे. त्या दिवशी मी तिच्या मानेवर हात ठेवला. म्हटलं, "तुझा काय गुन्हा?" देवराम बरा झाला, तरी फिरवणं मी त्याच्याकडे परत दिलं नाही.

जखम भरली ती दिवाळीला, वर्षानं. पण टाक्यांच्या जागी पोटाचा पडदा कमजोर राहिला, तिथे पिशवीसारखा फुगवटा आला. डॉक्टर पेंडसे म्हणाले, "जगेल. पण पोरं बसवायची नाहीत आता, कधीच." तलावपाळी सुटली. देवराम शाळांच्या, क्लबांच्या खेळाच्या जाळ्या विणून द्यायला लागला. वर्षातून तीन-चारदा, पावसाळ्यात जास्त, सुपारीचं पोट दुखायचं. आत आतडं कुठेतरी चिकटलंय, असं डॉक्टर सांगायचे. मग तिला चालवायचं, काढा द्यायचा, वाट बघायची. लीद पडली की मी घरात येऊन सांगायची, आणि देवराम विणता विणता नुसती मान हलवायचा. कोळीवाड्यातली माणसं म्हणायची, कशाला ओढत बसलात.

चौऱ्याण्णव साली परशुराम भावोजींचा कारखाना बंद पडला. त्यानंतर एका दुपारी ते आमच्या दारात आले. देवराम जाळ्या पोचवायला गेलेला. साडेपाच वर्षांनी मी त्यांना समोरून पाहत होते. पाठ वाकलेली, चष्मा लागलेला. मी पाणी दिलं. बराच वेळ ते भांडं हातात धरून बसले.

"शेवंते, एक बोलायचं हाय. तू त्याला सांग. माझ्यानं होणार नाय."

"बोला."

"डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आई आज-उद्याची हाय. मी देवाला ते सांगितलंच नाय. विचारते, एवढंच बोललो. गेलो तेव्हा तो त्या घोडीला पोरीसारखा भरवत होता. मला राग आला. बोललो मनात, आईचं नाव काढल्यावर उठतो का बघू. नाय उठला. मग मी पण तोंड मिटलं. त्याला कळलं असतं तर तो आला असता. आणि पाच वर्षं मी त्यालाच दोष देत बसलो."

मी स्वतःही दाराआडून ऐकलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन होता, फार्मचा नंबर माझ्याकडे होता. भावोजी गेलेत ना, म्हणून मी गप्प राहिले होते. हे मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही. आता सांगते.

संध्याकाळी देवराम आला. हातपाय धुऊन बसला तेव्हा मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्याच्या छातीवरचा दगड उतरेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मना कळलं होतं," तो म्हणाला.

"काय कळलं होतं?"

"दादा कारखान्यात एक खाडा करायचा नाय. भर दुपारी खडवलीला आला, फाटकात उभा राहिला. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं, आई जाते. तरी मी बोललो उद्या येतो. वाटलं, आई अजून एक दिवस काढेल. ही नाय काढणार. दोघींतली एक धरली मी, शेवंते. त्यानं सांगितलं असतं तरी तेच केलं असतं की काय, ते मना अजून ठरवता येत नाय."

दुसऱ्या दिवशी तो डोंबिवलीला गेला. मी म्हटलं होतं, आता हे त्यांना सांगू नका, मिटतंय तर मिटू द्या. पण तो सांगूनच आला. मी विचारलं, भावोजी काय बोलले. "काय नाय. मग बोलला, हे तुझ्याजवळच ठेवायचं होतंस." वहिनींनी जेवायला वाढलं, दोघं शेजारी बसून जेवले, एवढंच.

त्यानंतर येणं-जाणं सुरू झालं. लग्नकार्याला बोलावणं यायचं, आम्ही जायचो. दोन भाऊ एका सतरंजीवर बसायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे. आईचा विषय निघाला की एकजण उठून जायचा.

शहाण्णवच्या मार्चमध्ये सुपारी गेली. पोटशूळ नव्हता, काही नव्हतं. दुपारचा कोंडा खाल्ला, गोठ्याच्या सावलीत आडवी झाली, मी भांडं उचलायला गेले तेव्हा श्वास थांबलेला होता. डॉक्टर पेंडसे तिच्या वर्षभर आधीच वारले होते. देवरामनं दुकानातून डोंबिवलीला फोन केला. कशाला केला कुणास ठाऊक. भावोजी दोन तासांत आले, बरोबर मिठाची गोण घेऊन.

बांधाच्या मागे आमची थोडी जागा आहे, तिथे दोघांनी खड्डा खणला. वय झालेलं, दोघांनाही धाप लागत होती. तिला खाली ठेवताना कूस वर झाली आणि पोटावरचा व्रण दिसला. भावोजींनी तो कधी पाहिला नव्हता. ते खाली बसले, बोटानं तो वरपासून खालपर्यंत चाचपला.

"एवढा होता?"

"हो."

"दुखायचं हिला?"

"पावसाळ्यात."

मीठ टाकलं, माती लोटली. दोघं बांधावर बसले. मी पाण्याची कळशी घेऊन मागे उभी होते. देवरामनं भावाकडे न बघता विचारलं, "दादा, आई शेवटचं काय बोलली?"

सात वर्षं त्यानं हे मला विचारलं नव्हतं. मी तिथे होते, मला माहीत होतं. तो विचारेल म्हणून मी वाट बघत राहिले आणि त्यानं मला कधी विचारलं नाही.

भावोजींनी हाताची माती झटकली. म्हणाले, "तुझं नाव नाय घेतलं. माझं पण नाय. कलावतीला बोलली, पेज आळणी झालेय, मीठ घाल. ती मीठ आणायला गेली."

देवरामनं मान खाली घातली. भावोजी त्याच्याजवळ सरकले नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाही, पण उठूनही गेले नाहीत. भरती लागली होती, खाडीचं पाणी बांधाला येऊन टेकत होतं. मी कळशी तिथेच ठेवली आणि घरी येऊन तिघांचा भात टाकला.